पार्टिशनवरचा बदाम

सुलक्षणा पेडणेकरला छंद लागला तो रागातून. वय उतरणीला लागलं की माणसं भजनी मंडळात जातात, गॅलरीत कोरफड लावतात, सकाळी मैदानात जाऊन खोटं खोटं हसतात. सुलक्षणाने काच कापायला घेतली. त्यात कलेची ओढ वगैरे काही नव्हतं. ओढ होती ती जावेच्या नाकावर टिच्चून काहीतरी करण्याची, आणि ही ओढ इतकी जुनी होती की तिच्याशिवाय सुलक्षणाला सकाळी उठायचं कारणच सापडलं नसतं.

जाऊ म्हणजे शकु, थोरल्या दिराची बायको. दोघी राहायच्या घाटकोपरच्या एका जुन्या वसाहतीत, चौथ्या मजल्यावर, एकमेकींना चिकटलेल्या दोन खोल्यांत. सासरे गिरणीत होते. त्यांनी आयुष्यभराची कमाई घालून या दोन खोल्या घेतल्या आणि मुलांच्या भांडणापायी मरणाआधी त्यांची वाटणी केली. एका खोलीला पूर्वेची मोठी खिडकी. दुसऱ्या खोलीत नळ, मोरी आणि ओटा, पण खिडकी नाही, कारण तिच्या पाठीमागे जिन्याची भिंत. पुढचा कॉरिडॉर तर असा की भर दुपारीही बल्ब लावल्याशिवाय कुलपाचं भोक सापडत नाही.

गावाकडची रीत अशी की थोरल्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. थोरला मार्तंड बोलला, हे दोन वाटे, घ्या हवा तो. धाकटा राजेश, म्हणजे सुलक्षणाचा नवरा, त्याने नेहमीप्रमाणे बायकोकडे बघितलं. सुलक्षणा म्हणाली, नळाची. मुंबईत पाण्यासाठी पहाटे जागणारी कुठलीही बाई हेच म्हणाली असती. खिडकी काय, हंडे भरते? शकुचं तोंड उतरलं आणि सुलक्षणाला वाटलं, जिंकलो. मधे प्लायवूडचं पार्टिशन उभं राहिलं. हवेसाठी वर फूटभर फट ठेवली होती, त्या फटीतून शकुच्या खिडकीचा उजेड इकडे यायचा. तेवढ्यावर भागत होतं.

पुढच्याच मे महिन्यात पाण्याची बोंब झाली. शकुने अजून स्वतःचा नळ घेतला नव्हता, ती रोज पहाटे चार भांडी घेऊन दारात यायची. एका सकाळी सुलक्षणाने दारातूनच सांगितलं की आमचंच पुरत नाही, खालच्या टाकीवरून आणा. शकुने महिनाभर चार मजले बादल्या चढवल्या. आणि एका दुपारी तिने आपल्या बाजूला फळी ठोकली, तिच्यावर लोखंडी ट्रंका ओळीने रचल्या, आणि फट बंद केली. शेवटची ट्रंक सरकवताना ती इकडे ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "तू पाणी बंद केलंस, मी उजेड बंद करतंय."

त्या दोघींमधलं ते शेवटचं सरळ बोलणं. मग वर्षं गेली, मार्तंड गेला, शकुचा मुलगा लग्न करून विरारला गेला, शकुने पाइप ओढून स्वतःचा नळही घेतला, म्हणजे सुलक्षणाचा वाटा जिंकल्याचा आनंदही गेला. राहिली ती ट्यूबलाइट. सुलक्षणाच्या घरात ती सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत चालू. तिची मुलगी जान्हवी त्याच ट्यूबखाली शिकून इंजिनीअर झाली, लग्न होऊन बोरिवलीला गेली आणि पहिल्याच दिवशी फोन करून म्हणाली, आई, इथे सकाळ होते गं. सुलक्षणाने फोन ठेवला आणि दिवसभर शकुच्या नावाने भांडी आपटली.

भांडणं व्हायची, पण तोंडावर नाही. लेकी बोले सुने लागे, असा सगळा कारभार. सुलक्षणा भिंतीवरच्या पालीला सुनवायची, शकु तिकडे आपल्या कुकरला. काही लोकांच्या फोडणीने दुसऱ्यांचं डोकं उठतं, असं इकडून गेलं, की तिकडून यायचं, काही लोकांका वासाचीच भाजी मिळता, त्यांनी उपाशी मरूचा. राजेश पेपर तोंडापुढे धरून बसायचा. त्याने बायकोला कधी गप्प केलं नाही की वहिनीला कधी जाब विचारला नाही, आणि या गोष्टीला तो आपला शांत स्वभाव म्हणायचा.

सुलक्षणाने मुलुंडच्या औषध कंपनीतली पॅकिंगची नोकरी सोडली तेव्हा जान्हवीला धडकी भरली. आता आई चोवीस तास पार्टिशनला कान लावून बसणार. तिने अंधेरीतल्या एका क्लासचे पैसे परस्पर भरून टाकले आणि आईला सांगितलं, स्टेन्ड ग्लास शिकायचं, रंगीत काचांची चित्रं करतात ना, ते. सुलक्षणा म्हणाली, "मी काय चर्च बांधायला घेतलंय?" जान्हवी म्हणाली, "जा गं. नाहीतर शकुकाकीला सांगेन की तुला जमत नाही म्हणून घाबरलीस." लेक शेवटी आईच्याच पोटची, कळ कुठे दाबायची ते तिला ठाऊक होतं.

क्लासच्या अनुपमा मॅडम तरुण आणि गोड बोलणाऱ्या होत्या, त्यामुळे सुलक्षणाला पहिल्या दिवशी मुळीच आवडल्या नाहीत. पण काम आवडलं. चाकाच्या कटरने काचेवर एक रेघ ओढायची. रेघ ओढताना काच किरकिरते. मग दोन्ही हातांनी धरून अंगठे बाहेर वळवायचे, की कट् असा आवाज होऊन काच बरोबर रेघेवर सुटते. बाकीच्या बायका तिथे कचरायच्या. लहानपणापासून बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, अशा धाकात वाढलेल्या त्या, मुद्दाम काच कशी मोडणार? सुलक्षणाने मनात शकुचं नाव घेतलं आणि पहिल्याच फटक्यात सरळ तुकडा पाडला. मॅडम म्हणाल्या, तुमचा हात तयार आहे. सुलक्षणा म्हणाली, वीस वर्षांची तयारी आहे.

पुढचं काम शिस्तीचं. तुकड्यांच्या कडा घासायच्या, प्रत्येक कडेला तांब्याची चिकटपट्टी लावायची, तुकडे जुळवायचे आणि सांधे सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या कथील-शिशाने, भरायचे. पॅकिंगमध्ये आयुष्य गेलेल्या हातांना ते सहज जमलं. क्लास संपताना तिने वहीएवढं चित्र केलं, निळ्या पाण्यात एक पिवळी होडी. मॅडमनी ते खिडकीला धरलं आणि खोलीतल्या सगळ्या बायका हातातलं काम ठेवून बघायला लागल्या. होडी पेटली होती. सुलक्षणाने चित्र मॅडमच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं आणि कागदात गुंडाळलं.

घरी येऊन तिने होडी कॅलेंडरच्या खिळ्याला टांगली. ट्यूब लावली. होडी काळी. पाणी काळं. तिने ट्यूब पुसली, चित्र पुसलं, जागा बदलली. राजेशने पेपर खाली करून विचारलं की हे काय, तवा आणलास का. तेव्हा तिला कळलं की या काचेला समोरून कितीही उजेड दाखवा, ती ढिम्म बोलत नाही. तिला उजेड लागतो तो पाठीमागून, आणि या घरात पाठीमागे होता जिना. त्या संध्याकाळी ती रडली. वाटणीच्या दिवशी नळ म्हणालो ते आपलं चुकलं, हे तिला कधीचं कळलेलं होतं, पण ते असं खिळ्याला टांगून समोर कोणी ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रडणं ओसरलं आणि राग तेवढा राहिला. घरात उजेड यायला एकच वाट होती, पार्टिशनवरची फट. ती दोन्ही घरांच्या मधली, म्हणजे निम्मी आपली. तिथे काच बसवायची. चार फूट लांब, फूटभर उंच, भक्कम लाकडी चौकटीत, अशी की नंतर कोणाच्या बापाला काढता येणार नाही, आणि चौकट पलीकडच्या फळीवर इतकी पुढे येणारी की ट्रंकांना परत जागा उरणार नाही. आता आहेत त्या ट्रंकांचं काय, याचाही विचार तिने केला होता. गणपतीला शकु गावी जाते तेव्हा ट्रंका खाली उतरतात, कारण आरतीची भांडी आणि मखराचं सामान त्यांच्यातच. जाताना ती ते सगळं बरोबर नेते. म्हणजे वर्षातून एकदा फट मोकळी होते.

चित्र कसलं काढायचं, यावर तिला फार विचार करावा लागला नाही. लग्न होऊन आली तेव्हा वाटणी नव्हती आणि खिडकी सगळ्यांची होती. तिच्याबाहेर जंगली बदामाचं झाड होतं, अजून आहे. त्याची पानं लाल झाली की अख्खी खोली लालसर दिसायची. नवी नवरी सुलक्षणा सासूची नजर चुकवून तिथे उभी राहायची. तेवढं एक सुख तिला या घरात फुकट मिळालं होतं. तर बदामाची फांदीच करायची ठरली. ती खाली कंपाउंडात गेली, गळलेल्या पानांतलं एक मोठं, लालभडक, न किडलेलं पान निवडून आणलं, त्याचा तुटका देठ टाकून दिला आणि पान कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवलं. मग साकीनाक्याच्या एका काचवाल्याकडे जाऊन लाल, शेंदरी आणि हिरव्या काचेचे तुकडे हुज्जत घालून आणले.

होळीपासून गणपतीपर्यंत नळाच्या खोलीत काच मोडत राहिली. कट्. मग थोडा वेळ शांतता. मग कट्. पार्टिशनपलीकडे शकु कुकरला सांगायची, दिवेलागणीक घरात काच फोडतत, लक्ष्मी ऱ्हवात काय? सुलक्षणा पालीला सांगायची, फुटत नाही, वाढते, कान साफ करा म्हणावं. बोटं कापली, सोल्डरच्या धुराने खोकला धरला. राजेशने एकदा दबकत सुचवलं की वहिनीला नीट विचारलं तर ती ट्रंका काढेलही. सुलक्षणाने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचे दोन दिवस त्याने ताटात काय पडलं तेही विचारलं नाही. केलेलं काम उजेडात कसं दिसतं हे तिला बघता येत नव्हतं. एकेक तुकडा ती मोबाइलच्या बॅटरीपुढे धरायची, बाकी सगळं भरवशावर.

गणपतीला तिने गुडघ्याचं निमित्त केलं. राजेश आणि शकु एकाच गाडीने, वेगवेगळ्या डब्यांतून गावी गेले. सुलक्षणाने त्याच सकाळी कॉलनीतल्या सुताराला बोलावून, आपल्या बाजूने स्टुलावर चढवून, चौकट ठोकून घेतली. पलीकडे खिडकी बंद होती, त्यामुळे तेव्हाही फांदी काळीच दिसली. ती दहा दिवस त्या काळ्या फांदीखाली एकटी जेवली.

शकु परतली ती सकाळीच. तिने कुलूप काढलं, सामान आदळलं आणि खिडकीची दारं धाडकन उघडली. आणि सुलक्षणाच्या डोक्यावर बदाम पेटला. ऊन शकुच्या फरशीवर पडून वर उसळत होतं, पानं लाल, शेंदरी, फांदीच्या टोकाला दोन हिरवी, आणि छतावर एक अंधूक तांबूस डाग. सुलक्षणाच्या हातात चहाचं गाळणं होतं. ते तसंच धरून ती उभी राहिली. वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या घरात सकाळ झाली होती. तिने ट्यूब बंद केली.

पलीकडून आवाज आला, "माझ्या डोक्यार गटाराची जाळी बसवल्यान." तिकडून खरंच तसं दिसत होतं. उजेड शकुच्या बाजूला, त्यामुळे तिला दिसल्या फक्त काळ्या काचा आणि शिशाच्या रेघा. तिने सोसायटीच्या सेक्रेटरीला आणून दाखवलं. सेक्रेटरी दोन्ही बायकांना ओळखून होता, तो म्हणाला, घरातल्या घरात मिटवा, आणि जिने उतरून पळाला. सुलक्षणाचे ते आठ दिवस परमानंदात गेले. जावेच्या खिडकीतून उजेड यावा, आपण त्यात न्हावं आणि तिला मात्र जाळी दिसावी, याहून न्याय तो काय असतो?

मग माशी शिंकली, ती राजेशच्या तोंडून. गावाहून येताना आपल्या पिशवीत आलेली वहिनीची कोकमं द्यायला तो संध्याकाळी पलीकडे गेला होता. आल्यावर म्हणाला, "काय झकास दिसतं गं तिकडून. ती दिवा न लावता खुर्ची टाकून बघत बसली होती."

सुलक्षणाला आधी कळलंच नाही. मग कळलं. संध्याकाळी उजेड इकडे, ट्यूबचा. म्हणजे अंधार पडला की तिच्या डोक्यावरचा बदाम काळा होतो आणि शकुच्या खोलीत पेटतो. बोटं आपली कापली, खोकला आपल्याला, वीज आपली, आणि सिनेमा शकु बघते, खुर्ची टाकून. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळी तिने ट्यूब बंद केली आणि पोळ्या मेणबत्तीवर केल्या.

शकु काय समजायचं ते समजली. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडलीच नाही.

दुसऱ्याला अपशकून करायला स्वतःचं नाक कापणारी माणसं म्हणतात ती ही. भर सप्टेंबरच्या उकाड्यात शकु खिडकी गच्च लावून घामाने निथळत बसली, आणि सुलक्षणा दिवेलागण झाली की अंधारात भाजी चिरायला लागली. एक विस्तवाला हात लावायला तयार, पण दुसरीला ऊब मिळता कामा नये. राजेश मोबाइलच्या बॅटरीत पेपर वाचायचा आणि एकदा त्याने आमटी म्हणून कोकमाचं आगळ भातावर ओतून घेतलं, तेही निमूट खाल्लं. जान्हवीने फोनवर डोकं आपटलं. ती म्हणाली, काढून टाक ती काच, दोघी वेड्या झाल्यात. काढून टाकायचं नाव निघताच सुलक्षणाने फोन कापला. आता तिला सकाळची चटक लागली होती. पूर्वी काळोख होता तो सवयीचा होता, हा नवा काळोख तिला गिळवेना. पहाटे जाग आली की ती पडल्या पडल्या फांदीकडे बघायची, कुठे काचेतून उजेड आला का, आणि शकुला मनातल्या मनात शिव्या मोजायची. खिडकी उघडा, एवढे दोन शब्द बोलायचे होते. ते तिच्या जिभेवर येत नव्हते. मेली असती, पण बोलली नसती.

बोलली ती शकु. संध्याकाळची वेळ, दोन्ही खोल्यांत मिट्ट काळोख, राजेश खाली गेलेला. सुलक्षणा ओट्याला टेकून बसली होती. पलीकडे खुर्ची करकरली आणि मग आवाज आला. तो कुकरला नव्हता.

"सुलक्षणा, पानां उलटी लावलंस."

सुलक्षणाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण शकुच्या पोटात ते बरेच दिवस ठसठसत असावं. वैर आवरेल, चूक दिसल्यावर जीभ आवरणं तिच्या घराण्यात नव्हतं.

"बदामाचा देठ निमुळत्या बाजूक आसता," शकु म्हणाली. "रुंद बाजू टोकाक. तू रुंद बाजू फांदीक चिकटवलंस. मी रोज बघतंय ता झाड."

"पान समोर ठेवून गिरवलंय मी," सुलक्षणा म्हणाली. शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं की आपण पालीशी बोललेलो नाही.

"पडलेला पान. त्याका फांदी खय आसता? हय येवन बघ."

सुलक्षणाला आपलं काम आठवत होतं, एकेक पान, निमुळतं टोक बाहेर काढलेलं, पिंपळाला असतं तसं. तिने कधी शंकाच घेतली नव्हती. ज्या झाडासाठी ती वीस वर्षं जळली, त्याचं पान कसं लागतं हे ती विसरली होती, आणि ते सांगायला उरली होती ती शकु. तिला भयंकर राग आला. कोणाचा ते मात्र नीट सांगता आलं नसतं.

सकाळी राजेश आंघोळीला गेल्यावर ती बाहेर पडली आणि शेजारच्या दारात उभी राहिली. शकुने दार उघडलं. दोघींनी एकमेकींना जवळून बघितलं. शकुचे केस पार पांढरे झाले होते, हे सुलक्षणाला कॉरिडॉरच्या बल्बखाली इतकी वर्षं दिसलं नव्हतं. शकु मागे वळली, खिडकीची कडी काढली आणि दारं ढकलली.

बदाम समोरच होता, आता चौथ्या मजल्याच्याही वर गेलेला. पानं फांदीच्या टोकाशी झुबक्याने बसली होती, देठाशी अरुंद आणि बाहेर पसरत गेलेली. मधेच एखादं लाल. काचेतल्या पानांच्या मानाने सगळी उलटी. म्हणजे झाडाची सुलटी.

"दिसला?" शकु म्हणाली. "आता जा."

सुलक्षणा आणखी थोडा वेळ तिथेच उभी राहिली.